दहा श्वासांना एक मणी

न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजायचे, तर बाळ झोपलेलं असावं, निदान शांत तरी. रडणाऱ्या बाळाचे श्वास मोजून उपयोग नाही. अंगावरचं फडकं बाजूला करायचं आणि नजर पोटावर ठेवायची. पोट वर येऊन खाली गेलं की एक श्वास. असं पूर्ण मिनिटभर मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणं इथे चालत नाही, कारण तान्हं बाळ एका लयीत श्वास घेत नाही. भराभर काही श्वास घेतं, मध्येच दोन-चार सेकंद थांबतं, पुन्हा सुरू करतं.

न्यूमोनियात फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत द्रव साचतो. फुप्फुस नीट फुगत नाही, रक्ताला प्राणवायू कमी पडतो, मग शरीर उथळ पण जलद श्वास घेऊन ती तूट भरून काढू पाहतं. म्हणून दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, आणि त्याहून मोठ्या पण वर्षाच्या आतल्या बाळाचे 50 किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. यासाठी एक्स-रे लागत नाही. मोजता मात्र आलं पाहिजे.

अडचण नेमकी तिथे होती. गडचिरोलीच्या गावांत बाळंतपणं करणाऱ्या दायांचा हात वर्षानुवर्षांचा, पण बहुतेकींनी शाळा पाहिलेली नव्हती. साठपर्यंतचे आकडे त्यांना येत नव्हते. तिथेच आरोग्याचं काम करणाऱ्या ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्यांच्यासाठी श्वास मोजायचं एक साधन बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एकेका वयोगटासाठी एक. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. प्रत्येक ओळीत शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला न्यूमोनिया असू शकतो. दहापर्यंतची मोजणी तर दाईला रोजच्या व्यवहारातून येतच होती! वैद्यकीय उपकरण कसं असावं, असं कुणी विचारलं तर मी आधी या मण्यांकडे बोट दाखवीन.

पुढे 1995 पासून 39 गावांत थोड्या शिकलेल्या गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं गेलं. जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास देणं, कमी वजनाच्या बाळाला ऊबदार पिशवीत ठेवणं, जंतुसंसर्ग झाला तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं, हे सगळं त्या घरीच करू लागल्या. गावातल्या बाईच्या हातात सुई द्यायची हा त्या काळी मोठा धाडसाचा निर्णय होता. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले आणि 2011 पासून देशभरातल्या आशा, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या, घरोघरी नवजात बाळं तपासू लागल्या.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशाच्या सहा भेटी ठरलेल्या आहेत, शेवटची 42व्या दिवशी. या सगळ्या भेटींचा मोबदला ठरला तो 250 रुपये, म्हणजे भेटीमागे पन्नासही नाहीत. ज्या कामाने मुलं जगतात त्याचं हे मोल मला कधीच पटलेलं नाही.

त्या भेटींच्या तक्त्यात बाळंतिणीचेही प्रश्न असतात. ताप आहे का? अंगावरून घाण वास येणारं जातं का? प्रश्न साधे, पण ते विचारायला बराच काळ कुणी नव्हतं. राणी बंग यांच्या पुढाकाराने गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 1989 मध्ये प्रसिद्ध झाले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, एकेकीला सरासरी तीनहून जास्त. जवळजवळ निम्म्या जणींची काहीच तक्रार नव्हती. आणि त्याआधी अशी तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त 8 टक्के.