कुलगुरूंचे उत्तरदायित्व (महाराष्ट्र)

राज्य विद्यापीठाचे शैक्षणिक व प्रशासकीय प्रमुख असलेल्या कुलगुरूंनी आपल्या निर्णयांचा हिशेब कोणाला, कोणत्या व्यासपीठावर आणि किती मुदतीत द्यायचा, यासंबंधीच्या कायदेशीर तरतुदी व प्रथा यांचा समावेश या संकल्पनेत होतो. महाराष्ट्रात सध्या हा विषय मुख्यतः महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याने नियंत्रित होतो. हा कायदा १ मार्च २०१७ पासून अंमलात आला आणि त्याने १९९४ च्या विद्यापीठ कायद्याची जागा घेतली.

या प्रश्नाचे मूळ मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेइतके, म्हणजे १८५७ इतके जुने आहे. प्रांताचे गव्हर्नर हे कुलपती, त्यांनी नेमलेले कुलगुरू आणि तहहयात सदस्यत्व लाभलेल्या फेलोंची अधिसभा (सिनेट) अशी तेव्हाची रचना होती. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ मध्ये या विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. फिरोजशहा मेहता यांच्यासारख्या सदस्यांमुळे अधिसभा ही सरकारला जाब विचारणारी जागा बनू लागली, तेव्हा व्हाइसरॉय कर्झन यांच्या कारकिर्दीत १९०४ चा भारतीय विद्यापीठ कायदा आला. त्याने फेलोंची संख्या शंभरापर्यंत मर्यादित केली, त्यांची मुदत पाच वर्षांवर आणली आणि बहुसंख्य जागा सरकारी नामनिर्देशनाने भरण्याची सोय केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती विधिमंडळात या कायद्याला कडाडून विरोध केला. अधिसभेत निवडून आलेले किती आणि नेमलेले किती, हा वाद तेव्हापासून प्रत्येक नव्या विद्यापीठ कायद्याच्या वेळी पुन्हा निघतो.

राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती असून कुलगुरूंची नियुक्ती तेच करतात. त्यासाठी नेमलेल्या शोध समितीत कुलपतींनी नामनिर्देशित केलेले अध्यक्ष, उच्च शिक्षण खात्याचे प्रधान सचिव दर्जाचे अधिकारी आणि व्यवस्थापन परिषद व विद्यापरिषद (विद्यापीठाचा कारभार आणि शैक्षणिक बाबी पाहणारी मंडळे) यांनी मिळून सुचवलेले राष्ट्रीय संस्थेचे प्रमुख यांचा समावेश असतो. नियुक्ती पाच वर्षांसाठी किंवा वयाच्या पासष्टीपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर असते आणि त्याच पदावर पुनर्नियुक्ती होत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने एक दुरुस्ती मंजूर केली. तिच्यानुसार शोध समितीने निवडलेली नावे आधी सरकारकडे जाणार होती आणि सरकार त्यांतील दोन राज्यपालांकडे पाठवणार होते. मंत्र्यांसाठी प्र-कुलपती हे पदही निर्माण होणार होते. सत्तांतरानंतर आलेल्या सरकारने ही दुरुस्ती मागे घेतली. राजभवन आणि मंत्रालय यांच्यातील या रस्सीखेचीला बातम्यांत भरपूर जागा मिळते. नियुक्तीनंतरच्या पाच वर्षांत कुलगुरूंना प्रश्न कोण विचारतो, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

कायद्याने हा अधिकार प्रामुख्याने अधिसभेला दिला आहे. विद्यापीठाचा अर्थसंकल्प, वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण अहवाल तिच्यापुढे येतात, सदस्य प्रश्न विचारतात आणि ठराव मांडतात. अधिसभेचे अध्यक्षपद कुलपतींकडे असले तरी राज्यपाल क्वचितच बैठकीला येतात आणि प्रत्यक्षात बैठक कुलगुरूच चालवतात. त्यामुळे ज्यांच्या कारभाराची चर्चा व्हायची, तेच कोणता प्रश्न ग्राह्य धरायचा आणि चर्चा कधी थांबवायची हे ठरवतात. व्यवस्थापन परिषद आणि विद्यापरिषद यांचे अध्यक्षपदही कुलगुरूंकडेच आहे. त्यातच अधिसभेच्या निवडणुका वेळेवर होतील याचीही खात्री नसते. मुंबई विद्यापीठात नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागांची निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये ऐनवेळी स्थगित झाली. पुढे २२ सप्टेंबर २०२४ ही तारीख ठरली, पण मतदान दोन दिवसांवर आले असताना ती पुन्हा पुढे ढकलण्यात आली आणि अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २४ सप्टेंबरला मतदान झाले.

विद्यापीठीय बोलीत ज्याला नुसते ‘बारा-सात’ म्हणतात, ते २०१६ च्या कायद्याचे कलम १२(७) या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तातडीची परिस्थिती आहे असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर एरवी एखाद्या प्राधिकरणाने (अधिसभा किंवा परिषद यांसारख्या मंडळाने) घ्यायचा निर्णय कुलगुरूंना स्वतःच घेता येतो. मात्र त्याची कारणे लेखी स्वरूपात संबंधित प्राधिकरणाला लवकरात लवकर कळवावी लागतात आणि मतभेद झाल्यास कुलपतींचा निर्णय अंतिम असतो. तरतूद गरजेची आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री पूर आला तर परिषदेची बैठक बोलावत बसता येत नाही. व्यवहारात मात्र आधी निर्णय अंमलात येतो आणि काही महिन्यांनी तो बैठकीच्या कार्यसूचीत ‘अवलोकनार्थ’, म्हणजे केवळ माहितीसाठी, येतो, तोवर मागे फिरण्याची वाट उरलेली नसते.

कुलगुरूंना पदावरून दूर करण्याचा अधिकार कुलपतींना आहे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातील शिक्षा, अधिकारांचा गैरवापर, कायद्याच्या तरतुदी पाळण्यात हेतुपुरस्सर कसूर अशी त्याची कारणे कायद्यात दिलेली असून बाजू मांडण्याची संधी देणे आवश्यक आहे. या अधिकाराचा सर्वांत गाजलेला वापर २०१७ मध्ये मुंबईत झाला. कुलगुरू संजय देशमुख यांच्या काळात सर्व विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका एकाच हंगामात संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरले. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या होत्या. कामाचे कंत्राट उशिरा दिले गेले, प्राध्यापकांना नव्या पद्धतीची सवय नव्हती आणि काही उत्तरपत्रिका सापडेनाशा झाल्या. शेवटच्या पेपरपासून तीस दिवसांत, आणि कोणत्याही स्थितीत पंचेचाळीस दिवसांत निकाल लावण्याचे कायदेशीर बंधन मोडले. कुलपती चे. विद्यासागर राव यांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली. पुढील प्रवेश निकालावर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्यांना त्याची सर्वाधिक झळ बसली. ऑगस्टमध्ये देशमुख रजेवर गेले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू देवानंद शिंदे यांच्याकडे कार्यभार आला आणि २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यपालांनी देशमुख यांना पदमुक्त केले.

या कारवाईकडे कठोर उत्तरदायित्वाचा दाखला म्हणून पाहिले जाते, पण तिची दुसरी बाजूही आहे. इतका मोठा बदल प्रायोगिक फेरी न घेता एका हंगामात करण्याचा निर्णय ज्या बैठकांमधून गेला, तेथे तो अडला नाही. निकालाचे वेळापत्रक कोलमडले की लाखो घरांना ते कळते, म्हणून तिथे कुलगुरूंना उत्तर द्यावे लागते. रिक्त प्राध्यापकपदे, वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर चालणारे विभाग, रखडलेले संशोधन यांसाठी कोणा कुलगुरूंना पद सोडावे लागल्याचे उदाहरण सांगता येणार नाही. अर्थात पदभरतीची परवानगी आणि वेतन अनुदान राज्य सरकारच्या हाती असल्याने या बाबतीत एकट्या कुलगुरूंना जबाबदार धरणे न्याय्यही होणार नाही.

संलग्न महाविद्यालयांत हीच गुंतागुंत लहान आकारात दिसते. प्राचार्यांची नेमणूक संस्थाचालक करतात, तिला मान्यता विद्यापीठ देते आणि अनुदानित महाविद्यालयात पगार शासन देते. २०१६ च्या कायद्याने जुन्या स्थानिक व्यवस्थापन समितीच्या जागी कलम ९७ नुसार महाविद्यालय विकास समिती आणली. तिच्यात निवडून आलेले शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी आणि विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधी असतात, वर्षातून किमान चार बैठका अपेक्षित असतात, अध्यक्ष संस्थेचे असतात आणि प्राचार्य सदस्य-सचिव म्हणून काम पाहतात. प्राचार्य पूर्णवेळ असतील तर इतिवृत्तात क्वचित एखादे मतभेदाचे टिपण सापडते. अनेक ठिकाणी मात्र ‘प्रभारी प्राचार्य’ ही व्यवस्था वर्षानुवर्षे चालते. संस्थेच्या मर्जीने मिळालेला आणि तिच्याच मर्जीने कधीही काढून घेता येणारा कार्यभार सांभाळणारा प्राध्यापक अध्यक्षांच्या सूचनेविरुद्ध शेरा लिहीत नाही, आणि पुढच्या बैठकीत मागच्या बैठकीचे इतिवृत्त कायम केले जाते.