कावळा बसला म्हणून फांदी तुटली का?
(कार्यकारणाच्या प्रश्नांविषयी आमच्या क्लासच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी)

यूपीएससीच्या सीसॅटमध्ये (पूर्वपरीक्षेतल्या दुसऱ्या पेपरात) दोन तासांत ८० प्रश्न असतात आणि चुकलेल्या प्रश्नामागे त्याच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. एमबीए सीईटीत दीडशे मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एकाला पाऊण मिनिट. या घाईत मुलं गणितात अडकतात ते समजू शकतं. पण साध्या मराठीत लिहिलेला चार ओळींचा युक्तिवाद वाचून हुशार मुलंही चुकीच्या पर्यायावर खूण करतात, आणि हे पत्रक त्यासाठीच काढलं आहे.

असे बहुतेक युक्तिवाद एकाच चालीचे असतात. आधी एक गोष्ट घडली, मग दुसरी घडली, म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली. ‘त्यानंतर’ कधी ‘त्यामुळे’ झालं, ते वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आपल्याकडचाच एक प्रश्न घ्या.

‘एका यंत्रमाग कारखान्यात मे महिन्यात सूत फार तुटत होतं. जूनच्या मध्यावर मालकांनी नवा जॉबर (मागांची आणि कामाची देखरेख करणारा) नेमला. जुलैत सूत तुटणं निम्म्यावर आलं. म्हणजे नव्या जॉबरच्या देखरेखीमुळे सूत तुटणं कमी झालं. पुढीलपैकी कोणतं विधान हा युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत करतं?’

(अ) नवा जॉबर जुन्यापेक्षा जास्त पगार घेतो.
(ब) शेजारच्या कारखान्यात जॉबर तोच राहिला, तरी जुलैत तिथेही सूत तुटणं निम्म्यावर आलं.
(क) काही कामगारांना नवा जॉबर पसंत नाही.
(ड) जुलैत चादरींच्या ऑर्डरी वाढल्या.

ज्यांच्या घरात माग आहे, त्यांना उत्तर शिकवावं लागत नाही. सोलापूरचा मे म्हणजे कोरडी हवा. कोरड्या हवेत सुती धागा कडक होतो आणि ताण आला की तुटतो, म्हणून उन्हाळ्यात मागाच्या खोलीत जमिनीवर पाणी मारतात. पाऊस सुरू झाला, हवेत ओल आली, की तोच धागा जास्त ताण सोसतो. म्हणून उत्तर (ब). जॉबर न बदलताही तोच परिणाम दिसला, म्हणजे श्रेय जॉबरला देण्याआधी थांबायला हवं. मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या: (ब) मुळे जॉबर निरुपयोगी ठरत नाही. ‘कमकुवत करणं’ म्हणजे खोटं पाडणं नव्हे. निष्कर्षावरचा विश्वास कमी झाला की पुरे. ‘हा पर्याय तर काहीच सिद्ध करत नाही’ म्हणून बरोबर उत्तर सोडून देणारी मुलं आम्ही दर बॅचमध्ये पाहतो.

आता शेजारच्या कारखान्यात सूत तसंच तुटत राहिलं, असं विधान दिलं असतं तर? मग तेच विधान युक्तिवाद बळकट करतं. तुलनेची ही जागा एकदा दिसू लागली की दोन्ही प्रकारचे प्रश्न हातात येतात.

हे केवळ परीक्षेपुरतं नाही. व्हिएन्नाच्या इस्पितळात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांपुढे असाच प्रश्न होता. बाळंतिणींचे दोन विभाग होते. डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी पाहत त्या विभागात सुइणींच्या विभागापेक्षा कितीतरी जास्त बाळंतिणी तापाने दगावत. गर्दीमुळे? पण सुइणींच्या विभागात गर्दी जास्त होती. मरणासन्न बाईच्या प्रार्थनेसाठी घंटा वाजवत जाणाऱ्या पाद्र्याच्या धास्तीने? त्याची वाट बदलून पाहिली, फरक पडला नाही. शेवटी शवविच्छेदन करताना सुरीची जखम होऊन त्यांचे एक सहकारी वारले, आणि लक्षणं त्याच तापासारखी होती. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला जात. तेव्हा त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये सुमारे १८ टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आलं. एकेक दुसरं कारण तपासून बाजूला सारणं, हीच ती पद्धत.

बँकेच्या परीक्षांत दोन विधानं देऊन कारण कुठलं, परिणाम कुठला, असं विचारतात. ‘उजनीतून भीमेत विसर्ग वाढवला’ आणि ‘पंढरपुरात नदीकाठच्या कुटुंबांना हलवलं’, इथे पहिलं कारण आणि दुसरं परिणाम. पण ‘उजनीतून विसर्ग वाढवला’ आणि ‘वीर धरणातून नीरेत विसर्ग वाढवला’ अशी जोडी आली तर? एकामुळे दुसरं नाही. दोन्हींच्या मागे वरच्या सह्याद्रीतला पाऊस आहे, म्हणजे दोन्ही एकाच कारणाचे परिणाम. सोलापुरात थेंब पडलेला नसताना उजनी भरते, हे आपण वर्षानुवर्षं पाहतोच.

कारण आणि परिणाम उलटे लावणं हाही नेहमीचा सापळा. ज्या चौकात पोलीस जास्त तिथे कोंडी जास्त, म्हणून पोलिसांमुळे कोंडी होते, असं कुणी म्हणालं तर आपण हसू. परीक्षेत तेच वाक्य जड शब्दांत आलं की मान डोलावतो.

आमचा आग्रह एकच. पर्याय वाचायच्या आधी निष्कर्षाखाली रेघ मारा आणि ‘आणखी कशामुळे झालं असेल?’ याचं दोन-तीन शब्दांत उत्तर मार्जिनला लिहा. वरच्या प्रश्नात ‘पावसाळी हवा’ एवढंच. सुरुवातीला वेळ जास्त जातो, आणि मुलं कुरकुर करतात. करू द्या. आधी पर्याय वाचले की चारही पटण्यासारखे वाटतात.

पालकांसाठी एक गोष्ट. आमच्या फलकावर उत्तीर्ण मुलांचे फोटो नाहीत, याबद्दल अनेकजण विचारतात. ‘या क्लासला गेला आणि पास झाला’ हाही वरच्या जॉबरसारखाच युक्तिवाद आहे. ते मूल आधीपासूनच अभ्यासू असेल, घरी विचारणारी मोठी बहीण असेल. जी मुलं राहिली त्यांचे फोटो तर कुणीच लावत नाही. ज्या चुकीला आम्ही वर्गात गुण कापतो, तीच दारावर टांगणं आम्हाला पटत नाही.

त्याऐवजी प्रवेशाआधी मुलाला दोन दिवस वर्गात बसू द्या, त्याची फी नाही. येताना त्याने सोडवलेली एखादी जुनी प्रश्नपत्रिका आणावी, चुकलेल्या उत्तरांसकट, खाडाखोड न पुसता.