टचस्क्रीनला बोट कळतं कसं?

"माझ्या वयाची सगळी पोरं फटाफट फोन चालवतात. सर, माझ्या हातात करंट कमी आहे का?" गोव्यात फोंड्याजवळच्या एका कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, राबणाऱ्या, पस्तिशीच्या माणसाने हे मला अगदी मनापासून विचारलं. दिवसभर सुपारी सोलायची, नारळ गोळा करायचे आणि संध्याकाळी पैसे पाठवायला फोन हातात घेतला की काच काही दाद देत नाही. अशी तक्रार साठीच्या माणसाने केली की आपण ती वयावर ढकलतो, तरुणाने केली की अकलेवर. मला या दोन्हींचा राग येतो, कारण प्रश्न सरळसरळ भौतिकशास्त्राचा आहे.

मार्क प्रेन्स्की या अमेरिकन लेखकाने 2001 मध्ये 'डिजिटल नेटिव्ह', म्हणजे संगणकाच्या काळातच वाढलेली पिढी, ही कल्पना मांडली आणि तेव्हापासून जन्मसाल पाहून माणसाचं कौशल्य ठरवायची खोड जगाला लागली. पण बोटाची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, ओळखणारा टचस्क्रीन ई. ए. जॉन्सन यांनी 1965 मध्येच इंग्लंडमधल्या रडार संशोधन संस्थेत मांडला होता, तोही विमान वाहतूक नियंत्रणासाठी. 1970 च्या दशकात युरोपातल्या सर्न या अणुसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कण-त्वरकाच्या, म्हणजे सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या, नियंत्रण कक्षासाठी असाच स्क्रीन बनवला. म्हणजे वयच काढायचं तर हे तंत्रज्ञान आज आजोबा-पणजोबा असलेल्यांच्या पिढीचं आहे.

आता काचेच्या आत जाऊ. तिथे इंडियम टिन ऑक्साइडचा थर असतो. हा पदार्थ पारदर्शक असूनही वीज वाहून नेतो. त्याच्या उभ्या आणि आडव्या पट्ट्या, एकमेकींना न टेकता, साधारण चार-पाच मिलिमीटर अंतराने आखलेल्या असतात. उभी पट्टी आडवीला जिथे ओलांडते, तिथे एक इवलासा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, तयार होतो. त्याची धारिता एखाद्या पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे एका फॅरडचा लाख-कोटीवा भाग. फोनमधली चिप एका आडव्या पट्टीला विजेचे ठोके देते आणि प्रत्येक उभ्या पट्टीवर किती विद्युतभार पोचला ते मोजते. मग पुढची पट्टी, मग त्यापुढची. असा अख्खा स्क्रीन सेकंदाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा चाचपून होतो.

बोट जवळ आलं की एका पट्टीकडून दुसरीकडे जाणारं विद्युतक्षेत्र थोडं बोटाकडे वळतं, कारण आपलं शरीर म्हणजे क्षार मिसळलेलं पाणी, वीज वाहून नेणारं. पाटाला मध्येच फोड पाडली की खालच्या पोफळींना पाणी कमी पोचतं, तसंच हे. आजूबाजूच्या कोणत्या छेदबिंदूवर धारितेत किती घट झाली ते पाहून, जास्त घटीला जास्त वजन देत सरासरी काढून चिप बोटाचं केंद्र ठरवते. पट्ट्या चार मिलिमीटर अंतरावर असूनही जागा मिलिमीटरच्याही आत कळते! मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच. यात दाब मोजला जात नाही, उष्णताही नाही.

मग 'करंट' कमी असतो का? नाही. माणसाच्या शरीराची जमिनीच्या संदर्भातली धारिता साधारण शंभर पिकोफॅरड धरतात. छेदबिंदूच्या एका पिकोफॅरडपुढे ती भरपूर झाली, मग वय सात असो की सत्तर. शरीरातली ऊर्जा संतुलित करतात म्हणून तांब्याची कडी विकली जातात. त्यांचा या मोजणीशी काडीचा संबंध नाही, पैसे वाया घालवू नका.

अडचण शेवटच्या पातळ थरात असते. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा, केराटिनचा. ओलसर असताना तो वीज बऱ्यापैकी वाहून नेतो, कोरडा पडला की अडवतो. सुपारी सोलून पडलेले घट्टे, काजूच्या टरफलातल्या तेलाने भाजून राठ झालेली बोटं, वयोमानाने घाम कमी झालेली त्वचा: या सगळ्यांत वाहक पेशी काचेपासून जरा लांब राहतात. धारितेतली घट ठरावीक मर्यादेच्या खाली राहिली की चिप तिला चार्जरचा वगैरे गोंगाट समजून सोडून देते.

पावसाळ्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेमकं उलट होतं. पाण्याचा परावैद्युतांक, म्हणजे मधल्या पदार्थामुळे धारिता किती पट वाढते तो आकडा, ऐंशीच्या आसपास असल्याने काचेवरचा सुटा थेंब दोन पट्ट्यांमधली जोडणी वाढवतो, म्हणजे बोटाच्या विरुद्ध दिशेने बदल घडवतो. त्याच थेंबाला बोट लागलं की थेंबही शरीराशी जोडला जातो आणि चिपला एक अगडबंब बोट दिसतं. शिवाय चिपने ओल्या काचेलाच 'रिकामी काच' धरलं असेल, तर पाणी पुसताच झालेली घट तिला स्पर्श वाटते. कोणी हात लावलेला नसताना ॲप उघडतात ती यामुळे, फोनला कोणी झपाटलेलं नसतं. काच कोरडी पुसून स्क्रीन एकदा बंद करून चालू करा, बहुतेक वेळा भागतं.

आणि वेळ. बटणांवर शिकलेला माणूस काचही जोर देऊन दाबतो. बोट चपटं होतं, जास्त वेळ टेकून राहतं. सुमारे अर्धा सेकंद ओलांडला की फोन त्याला 'लाँग प्रेस' समजतो. हात किंचित थरथरला तर टिचकीचं सरकवणं होतं. हा अर्धा सेकंद कुणीतरी सरासरी बोट डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेला आहे आणि तो बदलता येतो. अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' असतो, तो लाँग करा. आयफोनवर 'टच अकोमोडेशन्स' पाहा. बोट कोरडं असेल तर ओल्या फडक्याला टेकवून नीट टिपून घ्या. फोनवर जाड संरक्षक काच असेल तर बोट आणि पट्ट्यांमधलं अंतर तिने आणखी वाढवलेलं असतं. काही फोनांत डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'टच सेन्सिटिव्हिटी' असते, ती चालू केली की चिप क्षीण संकेतही मोजायला लागते.