कंपवात आणि भाषेचे आकलन

कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्स, या विकारात ऐकलेले किंवा वाचलेले वाक्य उलगडताना येणारी अडचण. हात थरथरणे, चाल मंदावणे, अंग ताठरणे ही लक्षणे सगळ्यांना ठाऊक असतात; आकलनातला हा बदल मात्र घरच्यांच्याही फार उशिरा लक्षात येतो. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा रुग्णाची बुद्धी शाबूत राहते असे त्यांनी नोंदवले होते. तो समज पुढे बराच काळ टिकला.

या आजारात मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागातल्या, डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. त्यामुळे मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया या केंद्रकांना, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांना, डोपामिन कमी पडते. ही केंद्रके केवळ हातपाय चालवत नाहीत. कपाळामागच्या मेंदूशी त्यांची सतत देवाणघेवाण चालते, आणि माहिती क्षणभर मनात धरून ठेवणे, तिचा क्रम लावणे, एका गोष्टीवरून दुसरीकडे लक्ष वळवणे ही कामे त्यावर अवलंबून असतात. पक्षाघातात मेंदूची भाषाकेंद्रेच दुखावली तर शब्द हरवतात. कंपवातात सहसा तसे होत नाही. सुटा शब्द कळतो, लांब वाक्य मात्र हातातून निसटते.

ठाण्यात नौपाड्यातल्या एखाद्या घराची सकाळ डोळ्यांसमोर आणावी. कामावर निघता निघता सून दारातून सांगते, “बाबा, नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची जी गोळी काल मी डबीत ठेवली होती, ती घेतली नसेल तर आधी घ्या, मग पोहे खा.” बाबा बघत राहतात. गोळी, डबी, पोहे हे सगळे शब्द त्यांना कळलेले असतात. पण ‘जी’ला तिची ‘ती’ भेटेपर्यंत पहिला भाग मनात धरून ठेवायचा, ‘नसेल तर’ची अट सांभाळायची आणि क्रियापदापर्यंत पोहोचायचे, एवढा वेळ मेंदूला मिळत नाही. त्यात आजाराने चेहऱ्यावरचे भावही गोठलेले असतात, म्हणून “यांचं लक्षच नसतं” असा शेरा पडतो. हा अन्याय आहे आणि तो घरोघरी होतो. तिने “बाबा, डबीतली गोळी घ्या” एवढेच म्हटले, घोट घेईपर्यंत थांबली आणि मग “अर्ध्या तासाने पोहे खा” असे सांगितले, तर काम होते.

ठाणे स्थानकावरही हीच गत होते. उद्घोषणा पुढे सरकते, कानावर पडलेले जुळवेपर्यंत गाडी लागलेली असते. इंडिकेटरवरचे ‘वाशी’ पुन्हा वाचता येते, म्हणून ते सोपे. तलावपाळीच्या कट्ट्यावर चौघे एकदम बोलू लागले की मुळात गप्पिष्ट असलेला माणूसही गप्प होतो.

क्रियापदांचा प्रश्न वेगळा आणि विलक्षण आहे. २००८ साली फ्रान्समधील संशोधकांना असे आढळले, की औषधाचा अंमल नसताना रुग्णांच्या मेंदूत हालचाल सांगणाऱ्या क्रियापदांची प्रक्रिया बिघडते, वस्तूंच्या नावांची मात्र नाही. लेव्होडोपा हे डोपामिनची उणीव भरून काढणारे औषध दिल्यावर फरक भरून येतो. आवाजातला राग, लाड किंवा उपरोध ओळखणेही काहींना जड जाते. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या शस्त्रक्रियेने थरथर कमी झाली, तरी शब्द भराभर आठवण्याची क्षमता काहीशी घटू शकते.

प्रत्येक रुग्णाला हे सगळे होतेच असे नाही, आणि हा स्मृतिभ्रंशही नव्हे. तो कंपवातात पुढे जडू शकतो, पण त्याचे निदान वेगळे करावे लागते. या वयात कानही मंदावतात, म्हणून श्रवणचाचणी आधी करावी. ती ठीक आली तर कोणती वाक्ये अडतात आणि गोळीनंतर किती वेळाने अडतात, हे आठवडाभर वहीत टिपून मेंदूविकारतज्ज्ञांना आणि वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवावे.