पेज द्या, पण नुसती पेज नको
वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर थकवा जाणवणाऱ्या आमच्या डब्याच्या ग्राहकांसाठी, आणि त्यांच्यासाठी घरी रांधणाऱ्यांसाठी

गोव्यात माणूस ऑपरेशन होऊन घरी आला की चुलीवर आधी पेज चढते. मावशी उकड्या तांदळाची पेज घेऊन येते, शेजारीण शहाळं आणून ठेवते. यात माया आहे आणि पहिल्या दिवसांत पोटाला ते सोसतंही. पण महिना-दीड महिना झाला की आम्हाला फोन येतात: "वजन उतरतंय, पण जिना चढवत नाही. भांडी घासता घासता बसावंसं वाटतं." काय खाता विचारलं तर उत्तर बहुतेक ठरलेलं: पेज, थोडा मऊ भात, शहाळं, दुपारी चहाबरोबर बिस्कीट.

वाटीभर पेजेत दोन ग्रॅमसुद्धा प्रथिनं नसतात. तुमच्या शरीराला दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम लागतात. थकव्याचं मोठं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं.

आमचं डब्याचं काम सुरू झालं तेही अशाच अनुभवातून. आमच्यातल्या एकीच्या नणंदेचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना हातात दिलेल्या कागदावर ओट्स, टोफू, ब्रोकोली असं लिहिलं होतं. तिच्या घरात त्यातलं एकही कधी शिजलं नव्हतं. कागद फ्रिजवर चिकटवला गेला आणि ती पेजेवर राहिली. त्या कागदाचा आपल्या स्वयंपाकघरातला अर्थ लावायला आम्हाला कित्येक आठवडे लागले. तुमचे तेवढे आठवडे जाऊ नयेत, म्हणून हे लिहिलं आहे.

थकवा का येतो

वजनाच्या ऑपरेशनचे इथे दोन प्रकार धरले आहेत, स्लीव्ह आणि (जठराचं, हृदयाचं नव्हे) बायपास. स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा थोडा जास्तच भाग काढतात. बायपासमध्ये जठराचा वरचा अगदी लहानसा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. सुरुवातीला त्या कप्प्यात जेमतेम 30 मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे मावतं. अन्न कमी गेलं की शरीर साठवलेली चरबी जाळतं आणि तेच आपल्याला हवं असतं. पण प्रथिनं पुरेशी नसतील तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. मांड्या-दंडांतली ताकद जाते ती अशी. म्हणून आराम करूनही हा थकवा हटत नाही.

दुसरं कारण पाणी. आपल्याकडची दमट हवा, मे महिन्याचा घाम, आणि एका वेळी दोन-चार घोटांपलीकडे पाणी जात नाही. दिवसाला दीड ते दोन लिटर पोटात गेलं नाही तर डोकं जड होतं, उठताना अंधारी येते. तांब्याने पिण्याची सवय आता सोडावी लागेल. बाटली जवळ ठेवा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट घ्या. फक्त जेवणाच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी नको. हिरवी मिरची न घातलेली फिकी फुटी कढी किंवा पातळ ताकही या हिशेबात धरा. लिंबू सोडा मात्र नको, त्यातल्या वायूने पोट फुगतं.

तिसरं कारण आहे लोह आणि जीवनसत्त्वं. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

आणखी एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. वजन उतरलं की रक्तदाबाच्या आणि साखरेच्या जुन्या गोळ्या जास्त होऊ शकतात, आणि चक्कर त्यांचीही असू शकते. गोळी स्वतःहून बंद करू नका. पण डॉक्टरांना लवकर विचारा, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

आपल्याच ताटातली प्रथिनं

नियम एकच लक्षात ठेवा: पहिला घास प्रथिनांचा. चार-पाच घासांत पोट भरणार असेल तर ते घास भाताचे का म्हणून?

मासळी खाणाऱ्यांचं काम गोव्यात सोपं आहे. आजाऱ्याला, बाळंतिणीला मुडदुशे हे मासे द्यायची आपली जुनी पद्धत इथे अगदी योग्य. मांस मऊ, पचायला हलकं, काट्यापासून सहज सुटणारं. लेपेही चालतात. बांगडा, तारली उत्तम, पण बारीक काटे दुसऱ्या कुणीतरी काढून द्यावेत, कारण खाणाऱ्याचं लक्ष चावण्यावर हवं. फिकं हुमण करा, तिखट नाममात्र, खोबरं नेहमीपेक्षा कमी. तळणं काही महिने बाजूला. सुंगटं, खुबे, तिसऱ्या चिवट लागतात, त्यामुळे त्या उशिरा आणि बारीक चिरून. पण त्या कायमच्या सोडू नका. तिसऱ्यांमध्ये बी-12 जीवनसत्त्व आणि लोह दोन्ही चांगलं असतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सुक्या मासळीवर भर देऊ नका, मीठ फार असतं. त्या दिवसांत आमच्या डब्यात अंडी, पनीर आणि आळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) गाळून मऊ केलेलं तोंडाक, म्हणजे रस्सा असतो.

शाकाहारी घरात, किंवा श्रावण पाळणाऱ्यांकडे, मूग, फडक्यात टांगून घट्ट केलेलं दही, पनीर आणि सोया यांच्यावर सगळी मदार असते. त्यांना प्रोटीन पावडरही बहुधा लागते, त्यात कमीपणा मानू नका. पावडर कोमट दुधात किंवा कोमट पेजेत घाला. उकळत्यात घातली तर गुठळ्या होतात आणि माणूस ती पुन्हा तोंडाला लावत नाही.

ऑपरेशनला दोन-तीन महिने झालेल्या एका दिवसाचा हिशेब पाहा. सकाळी एक मऊ उकडलेलं अंडं, 6 ग्रॅम. अकराच्या सुमारास पेलाभर दूध आणि त्यात पावडर, मिळून 28 च्या आसपास. दुपारी मुडदुश्याचं साठेक ग्रॅम मांस, 12. संध्याकाळी अर्धी वाटी घट्ट दही, 6. रात्री 40 ग्रॅम कुस्करलेलं पनीर, 7. बेरीज 59 होते. रात्रीच्या पनीरबरोबर दोन चमचे मुगाचं घट्ट वरण गेलं की साठी पार. भात यात कुठेच नाही, हे बघून घरची मोठी माणसं नाराज होतात. त्यांना हा कागद दाखवा.

पेज ज्यांना सोडवतच नाही त्यांनी ती मुगाची डाळ घालून शिजवावी, घोटून घ्यावी आणि निवल्यावर पावडर मिसळावी. नाचणीचं तिझनही (खीरही) असंच, पण गूळ न घालता.

पावाबद्दल सांगावंच लागेल. पोदेराची (पाववाल्याची) सायकल दारात वाजली की हात पुढे जातो. पण पावाचा मऊ गर ओला होऊन चिकट गोळा बनतो आणि वरच अडकतो. छातीत दाटतं, उलटी होते. काही महिन्यांनी, डॉक्टरांनी मुभा दिल्यावर, पोदेराकडच्या पोळीचा चतकोर तुकडा कडक भाजून, भरपूर चावून खाऊन पाहा. भाजी-पाव त्याच्याही नंतर.

टप्पे उडवू नका

सर्वसाधारणपणे पहिले दोन आठवडे पातळ, मग काही आठवडे घोटलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं अन्न असा क्रम असतो. तुमच्या सर्जनने वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा, आमचा डबा त्याप्रमाणे बदलतो. एका जेवणाला वीस-तीस मिनिटं द्या.

गोडाने तरतरी येईल असं वाटून ग्लुकोज किंवा उसाचा रस देऊ नका. विशेषतः बायपासनंतर साखर आतड्यात एकदम उतरते. अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब होतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली जाऊन हातपाय कापतात. चतुर्थीला नेवरी समोर आली की हे आठवा. हुर्राक आणि फेणीबद्दलही तेच कळकळीने सांगतो: या ऑपरेशननंतर दारू लवकर आणि जास्त चढते.

गोळ्या आयुष्यभराच्या आहेत

पोट बदललं की लोह, कॅल्शियम, बी-12 नीट शोषली जात नाहीत. शरीरातला बी-12 चा साठा बराच काळ पुरतो, म्हणून पहिल्या वर्षी सगळं ठीक वाटतं. मग गोळ्या सुटतात आणि दोन-तीन वर्षांनी पायांना मुंग्या, विसराळूपणा, पुन्हा तोच थकवा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीवर चहा नको, लिंबूपाणी चालेल. मासिक पाळी चालू असलेल्या बायकांना लोह जास्त लागतं. घरच्यांसाठी राबणाऱ्या या बायका स्वतःची गोळी सर्वांत आधी विसरतात, असा आमचा अनुभव आहे. रक्ततपासणी पहिल्या वर्षी सांगितलेल्या तारखांना आणि नंतर दरवर्षी करा.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. घाबरू नका, बहुतेकांचे परत येतात. प्रथिनं आणि लोह मात्र तपासून घ्या.

हे दिसलं तर डब्याची वाट पाहू नका

पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, ताप, पोटात किंवा खांद्यात जोराची कळ, छातीत सतत धडधड, काळी शी असेल तर थेट इस्पितळ गाठा. उलट्या दोन-तीन दिवस चालू असतील, आणि त्यात दोन-दोन दिसू लागलं, चालताना झोक जाऊ लागला, तर बी-1 जीवनसत्त्व कमी पडल्याची शक्यता असते आणि तिथे तासांना महत्त्व आहे. तातडीच्या विभागात गेल्या गेल्या "माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, किती दिवस उलट्या आहेत" हे सांगा. बी-1 न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर अशा माणसाची अवस्था बिघडू शकते.

आमच्या डब्याबद्दल

पाच छोट्या वाट्या, प्रत्येकीवर प्रथिनांचा आकडा लिहिलेला. सकाळी एकच फेरी असते. दही आणि मासळीच्या वाट्या आल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा. पहिल्या डब्याआधी तुमच्या आहारतज्ज्ञांनी दिलेला कागद आम्हाला दाखवा, त्याशिवाय आम्ही डबा सुरू करत नाही. एखादी वाटी संपली नाही तर उरलेलं तसंच परत पाठवा, फेकून देऊ नका. किती उरलं ते बघूनच दुसऱ्या दिवशीची वाटी भरली जाते.