कान्हेरीच्या कातळातलं पाणी

गेल्या पावसाळ्यात कान्हेरीच्या पायऱ्यांवर एक आजोबा नातवाला सांगत होते, "ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली बरं का. आणि या टाक्यातलं पाणी कधीच आटत नाही, देवाची कृपा!" नातू डोळे मोठे करून ऐकत होता. मला राहवलं नाही, म्हणून हा लेख.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगलाच्या पोटात, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. ती एका रात्रीत झालेली नाहीत. इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून पुढची हजारेक वर्षं बौद्ध भिक्खूंसाठी ती कोरली जात होती. खर्च कोणी केला तेही भिंतींवर ब्राह्मी लिपीत लिहिलेलं आहे. कल्याण, सोपारा अशा गावांच्या व्यापाऱ्यांची आणि स्त्रियांची नावं तिथे आहेत. त्या लेखांत 'लेण' या शब्दाच्या जोडीने 'पोढि' हा शब्द वारंवार येतो. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. लेणं दान केलं की पोढीही द्यायची, इतकं तिचं मोल होतं.

कारण कान्हेरीचा डोंगर ज्वालामुखीच्या खडकाचा आहे. चार महिने त्यावर पाणी धो धो वाहतं आणि उरलेले आठ महिने तो कोरडाठाक. मुंबईत वर्षाला २,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. म्हणजे पाच बाय चार मीटरच्या उघड्या कातळावर वर्षाला ४४ हजार लिटर! एका माणसाला दिवसाला दहा लिटर धरले, तर २४० कोरड्या दिवसांना २,४०० लिटर लागतील. पाणी कमी नव्हतंच, प्रश्न ते जूनपर्यंत टिकवण्याचा होता.

आता पोढीची रचना पाहा. लेण्याच्या कपाळावर, डोंगराच्या उतारात, पन्हळ कोरलेली असते. तिच्यामुळे पाणी दारात न कोसळता बाजूला वळतं आणि टाक्यात उतरतं. टाक्याचं तोंड लहान, चौकोनी. आत मात्र पोकळी चांगली रुंद होत जाते. मला सगळ्यात आवडतं ते हे तोंड. बाष्पीभवन पाण्याच्या पृष्ठभागावर तर अवलंबून असतंच, पण वरच्या हवेतल्या बाष्पदाबावर, म्हणजे हवेत मिसळलेल्या वाफेच्या दाबावर, आणि वाऱ्यावरही असतं. पृष्ठभागाजवळचा संपृक्त बाष्पदाब (हवा बाष्पाने पुरती भरल्यावरचा) आणि हवेतला प्रत्यक्ष बाष्पदाब यांच्यातला फरक जितका मोठा, तितकं पाणी वेगाने उडतं. वारा ओली हवा पुसून नेतो आणि तो फरक पुन्हा वाढतो. पोढीत वारा शिरत नाही. पाण्यावरची हवा बाष्पाने भरून तिथेच थांबते, फरक जवळजवळ शून्यावर येतो आणि पाणी उडायचं जवळजवळ थांबतं. उघड्या तळ्यातून दिवसाला ५ मिलिमीटर गेलं असं धरलं, तर आठ महिन्यांत १.२ मीटर पाणी हवेत जाईल. म्हणजे कमरेइतकं!

दुसरा फायदा अंधाराचा. शेवाळाला प्रकाश लागतो, तो आत पोचत नाही. कातळाच्या जाडीमुळे उन्हाची धगही पाण्यापर्यंत येत नाही.

त्या आजोबांचं पाणी न आटण्याचं कोडं एवढंच आहे. त्यात चमत्कार शोधला की ज्यांनी उतार पाहून छिन्नी चालवली, त्या पाथरवटांचं श्रेय जातं. 'आमच्या पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं' असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. बाष्पदाबाचं सूत्र त्यांना माहीत असण्याची गरजच नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या कुठलं टाकं आटलं आणि कुठलं टिकलं हे पाहणं पुरेसं होतं.

याच डोंगररांगेत ब्रिटिशांनी १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव बांधला. दोन्हींचं पाणी मुंबईला आजही मिळतं. ते तलाव उघडे आहेत, पण भोवतालचं जंगल पावसाचं पाणी मुरवून सावकाश सोडतं. कान्हेरीला जाल तेव्हा मोठं चैत्यगृह पाहून परतू नका. वरच्या लेण्यांकडे चढा, एखाद्या पोढीच्या तोंडाशी बसा आणि कातळात कोरलेली पन्हळ बोटाने वरपर्यंत शोधत जा.