लस नसलेली सुई

लसीच्या चाचणीत बऱ्याचदा निम्म्या लोकांना लस टोचतच नाहीत, हे पहिल्यांदा कळलं की राग येतो. पोलिओची लस बनवणाऱ्या खुद्द जोनास सॉल्कलाही ते पटत नव्हतं. पोलिओची लस हाताशी आहे आणि मुलांना मुद्दाम तिच्याविना ठेवायचं? अमेरिकेत १९५२ या एकाच वर्षात पोलिओचे सुमारे ५८ हजार रुग्ण झाले होते, हे लक्षात घेतलं की त्याची तगमग समजते.

म्हणून आधीची योजना साधी होती. शाळेतल्या दुसरीच्या मुलांना लस द्यायची, पहिली आणि तिसरीच्या मुलांवर नुसती नजर ठेवायची. पण १९५४ च्या चाचणीची सूत्रं मिशिगन विद्यापीठाच्या थॉमस फ्रान्सिस यांच्या हाती आली. ते सॉल्कचे गुरू. बऱ्याच ठिकाणी त्यांनी जुनी पद्धत राहू दिली, मात्र ११ राज्यांतल्या ८४ भागांत वेगळं केलं. आईवडिलांनी होकार दिलेल्या मुलांपैकी निम्म्यांना लस, निम्म्यांना दिसायला तसाच पण विषाणू नसलेला द्रव. कुपीवर फक्त सांकेतिक क्रमांक. कोणाला काय मिळालं हे पालकांना माहीत नाही, टोचणाऱ्याला नाही आणि पुढे निदान करणाऱ्या डॉक्टरलाही नाही. यातलं डॉक्टरचं अज्ञान फार मोलाचं. सौम्य पोलिओ साध्या तापासारखाच दिसतो. या पोराला लस दिलीय हे ठाऊक असेल, तर चांगला डॉक्टरही नकळत ‘पोलिओ नसावा’कडे झुकतो.

१२ एप्रिल १९५५ ला निकाल जाहीर झाला. या ८४ भागांत दर लाखामागे पोलिओचे रुग्ण असे होते: लस मिळालेल्यांत २८, खोटी सुई मिळालेल्यांत ७१ आणि कुठलीच सुई न घेतलेल्यांत ४६.

हा ४६ चा आकडा चक्रावून टाकतो. खोट्या सुईनं पोलिओ होत होता की काय? तसं नाही. होकार देणारी घरं बहुतेक शिकलेली, खाऊनपिऊन सुखी. गरीब वस्तीतल्या मुलाची या विषाणूशी गाठ तान्हेपणीच पडायची, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असतानाच, आणि मग ते जन्माचं सुटायचं. स्वच्छ घरातलं मूल शाळेत जाईपर्यंत कोरं राहायचं. म्हणजे ज्यांनी दंड पुढे केला, धोका मुळात त्यांनाच जास्त होता. लसवाल्यांची तुलना न घेणाऱ्यांशी केली असती, तर लसीचा फायदा ४० टक्क्यांच्याही खाली दिसला असता. खोट्या सुईवाल्यांशी केल्यावर तो ६० च्या वर गेला. लस तीच, मुलंही तीच; फरक पडला तो तुलनेला कोणाला धरलं यानं.

लस घ्यायला पुढे येणारा माणूस न येणाऱ्यापेक्षा वेगळा असतो, ही अडचण मुंबईकडेही येऊन गेली होती. जानेवारी १८९७ मध्ये आपण बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतल्यावर शास्त्रज्ञ हाफकिन यांनी ती भायखळ्याच्या तुरुंगात दिली, स्वखुशीनं तयार झालेल्या कैद्यांना. (तुरुंगातली स्वखुशी कितपत खुशीची, हे सोडून देऊ.) पुढच्या वर्षी बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावी त्यांनी प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांनाच लस टोचली. घर एक, अन्न एक, उंदीरही तेच. तुलना बरीच स्वच्छ झाली, पण लस कोणाला मिळाली हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

खोटी सुई दर वेळी मिठाच्या पाण्याचीच असते असंही नाही. कोविडच्या वेळी ऑक्सफर्डच्या लसीच्या ब्रिटनमधल्या चाचणीत दुसऱ्या गटाला मेंदूज्वराची लस दिली. नुसतं पाणी टोचलं तर दंड फारसा दुखत नाही, आणि तेवढ्यावरून लोक ओळखतात.

मात्र चालू शकणारी लस बाजारात आधीच असेल तर? रोटाव्हायरस या विषाणूनं बाळांना होणाऱ्या हगवणीवरची भारतीय बनावटीची लस म्हणजे रोटावॅक. तिची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यात मिळून ६,७९९ बाळांवर झाली. दोन बाळांना लस, तर एकाला खोटा डोस. हगवणीवरच्या परदेशी लशी तेव्हा खाजगी दवाखान्यांत विकत मिळत होत्या, सरकारी लसीकरणात नव्हत्या. ‘मग त्या बाळांना खोटा डोस का?’ असं टीकाकारांनी विचारलं. ‘ती लस त्यांच्यापर्यंत एरवीही पोचणार नव्हती’, असं समर्थकांचं उत्तर. मला हे उत्तर हिशेबाला बरोबर वाटतं आणि तरी घशाखाली उतरत नाही. रोटावॅकनं पहिल्या वर्षात या विषाणूची तीव्र हगवण निम्म्याहून थोडी अधिक रोखली, आणि २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात आली.